पालकत्वाची मुदत

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी बोलायला उभं राहिलं की त्यांच्या शाळेविषयी बोलायचं, असा रिवाज आहे. आज तो मोडण्याची परवानगी मागतो. १० मार्च १८९७ ही तारीख शाळेशी जोडलेली नाही, ती साथीशी जोडलेली आहे. पुण्यात प्लेग शिरला होता. हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, वस्तीपासून दूर, डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगनं गाठलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. हे आपल्याला पाठ आहे. दवाखाना चालवणारा तो डॉक्टर कोण होता, इकडे मात्र आपलं लक्ष कमी जातं.

यशवंतची ओळख आपण ‘फुले दांपत्याचा दत्तक मुलगा’ एवढ्यावर आटोपतो. फुल्यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, निर्धास्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं असेल तर ठेवून जावं, अशी ती सोय होती. काशीबाई नावाच्या एका विधवेचं मूल तिथे जन्मलं. तोच यशवंत. आजच्या कायद्याच्या भाषेत तो ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरला असता, आणि त्याची फाईल बाल कल्याण समितीपुढे आली असती. फुल्यांनी त्याला आपलं नाव दिलं. १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केलं. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा यशवंत अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्यापुढची जबाबदारी सावित्रीबाईंनी पेलली. तो वैद्यक शिकला, लष्करी वैद्यकीय सेवेत लागला, आणि साथ आली तेव्हा सावित्रीबाईंनी बोलावलं म्हणून पुण्यात येऊन उभा राहिला. पुढे १९०५ मध्ये त्यालाही प्लेगनंच नेलं.

म्हणजे संस्थेत जन्मलेलं एक मूल वाढलं, शिकलं आणि साथीत दुसऱ्यांच्या मुलांना वाचवायला उभं राहिलं. हे आपोआप घडत नाही. ज्यांनी त्याला घेतलं, त्यांनी ‘आता तू मोठा झालास, तुझं तू बघ’ असं म्हटलं नाही, म्हणून ते घडलं.

मला आज एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. संस्थेतल्या मुलाचं पालकत्व एकदा सरकारनं आणि समाजानं घेतलं की त्याला वयाची मुदत घालता येत नाही आणि इमारतीची हद्दही घालता येत नाही. आपण दोन्ही घालतो. कोविडच्या दोन वर्षांत त्याची किंमत मुलांनी मोजली.

प्रथम संस्थेच्या आतलं बोलू. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं साथरोग कायदा लागू केला. कायदा कुठला? तर १८९७ चाच. सावित्रीबाई गेल्या त्याच्या महिनाभर आधी अमलात आलेला. मूळ कायदा चार कलमांचा. अधिकाऱ्यांना अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, अधिकाऱ्यांना संरक्षण. मुलांविषयी त्यात अक्षर नाही. त्यामुळे फाटकं बंद करा एवढा आदेश सगळीकडे एकसारखा पोचला. आत काय करायचं, हे ज्या त्या अधीक्षकांनी आपापल्या अकलेनं ठरवलं.

आपल्याकडची बरीच बालगृहं स्वयंसेवी संस्था चालवतात. सरकारी अनुदान दर मुलामागे मिळतं. ते वेळेवर आलं तर संस्थाचालक पेढे वाटतील अशी परिस्थिती. मधली पोकळी कोण भरतं? गावातली माणसं. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुणाची लग्नाला झालेली पंचवीस वर्षं. संस्थेच्या फळ्यावर ‘आजचे अन्नदाते’ असं लिहिलेलं असतं, त्यामागे महिन्याचं गणित असतं. टाळेबंदीत तो फळा कोरा पडला. शिकवणीला येणाऱ्या ताई थांबल्या, रविवारी भेटायला येणारी आई थांबली, खेळ घ्यायला येणारी कॉलेजची पोरं थांबली. आत उरले ते काळजीवाहक आणि स्वयंपाकाच्या मावशी. त्यांतल्या अनेकांनी आपली घरं सोडून आठवडेच्या आठवडे संस्थेत मुक्काम केला. टाळ्या-थाळ्यांच्या यादीत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आज या सभागृहात त्यांच्यापैकी कुणी असतील तर त्यांना माझा नमस्कार.

शाळा मोबाईलवर आली. संस्थेत मोबाईल किती? अधीक्षकांचा एक, फार तर कार्यालयाचा एक. चौथीचा अभ्यास, सातवीचा अभ्यास, दहावीचा अभ्यास, सगळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच एका फोनवर. त्याच फोनवर जिल्हा कार्यालयाचे आदेश, त्याच फोनवर दात्यांचे फोन. दहावीच्या मुलीला गणिताचा व्हिडिओ पाहायचा तर मॅडमचा फोन रिकामा होईपर्यंत थांबायचं. सर्वोच्च न्यायालयानं पुढे, डिसेंबर २०२० मध्ये, संस्थांना ऑनलाईन शिक्षणाची साधनं, पुस्तकं आणि पुरेसे शिक्षक द्या असे आदेश दिले. तोवर निम्म्याहून अधिक शैक्षणिक वर्ष सरलं होतं.

मी काही वर्षं बाल कल्याण समितीवर काम केलं आहे. समितीचं काम समोरासमोर बसून करायचं असतं. मूल बोलतं त्याहून अधिक त्याच्या बसण्यातून, हाताच्या चाळ्यांतून कळतं. टाळेबंदीत सुनावण्या व्हिडिओ कॉलवर आल्या. त्या तशा व्हायलाच हव्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण चित्र कसं असे? पडद्यावर मुलीचा चेहरा, आणि तिच्या बाजूला अधीक्षकांचा अर्धा खांदा. “सगळं ठीक आहे ना गं बाळा?” असं विचारलं की मुलगी आधी त्या खांद्याकडे बघायची, मग मान हलवायची. नोंद व्हायची: ‘बालिकेशी संवाद साधला. तिची काही तक्रार नाही.’ कागदावर हे चूक म्हणता येत नाही. खोलीतल्या मोठ्या माणसाला दोन मिनिटं बाहेर जायला सांगणं हा काही तंत्रज्ञानाचा प्रश्न नव्हता. तो सवयीचा प्रश्न होता, आणि ती सवय आपल्याला साथीच्या आधीही नव्हती.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे, संस्थेबाहेर पाठवलेल्या मुलांकडे, वळतो. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं संस्थांतल्या मुलांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठानं बाल कल्याण समित्या, बाल न्याय मंडळं, राज्य सरकारं आणि संस्था या सगळ्यांना सूचना दिल्या. मुलाचं हित आणि आरोग्य पाहून त्याला संस्थेत ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवा, घरी गेलेल्या मुलांची फोनवरून विचारपूस करत राहा, असा त्यांचा रोख होता. काळजी रास्त होती. जूनमध्ये चेन्नईच्या रोयापुरम इथल्या निवारागृहात ३५ मुलांना लागण झाल्याचं उघड झालं. एका खोलीत चटईला चटई लावून झोपणाऱ्या मुलांना अंतर राखा म्हणणं म्हणजे काय, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

पण घरी पाठवणं हे प्रत्यक्षात घाईनं पाठवणं झालं. साथ सुरू झाली तेव्हा देशभरातल्या बालसंगोपन संस्थांत २,२७,५१८ मुलं होती. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाला सांगण्यात आलं की त्यांपैकी १,४५,७८८ मुलं पालकांकडे किंवा नातेवाइकांकडे परत गेली आहेत. दर तीन मुलांतली जवळजवळ दोन. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानंही महाराष्ट्रासह आठ राज्यांना, संस्थांतली मुलं शंभर दिवसांत घरी पाठवण्याविषयी लिहिलं होतं.

इथे गैरसमज नको. मूल कुटुंबात वाढावं, संस्था हा शेवटचा पर्याय असावा, हे बाल न्याय कायद्याचं सूत्र मला पूर्ण मान्य आहे. आपल्या बालगृहांतली बहुसंख्य मुलं अनाथ नसतात हेही खरं. कुणाची आई घरकाम करते आणि मुलाला ठेवायला जागा नसते, कुणाचे वडील दारूपायी घर विकून बसलेले असतात, कुणाच्या आईनं दुसरं लग्न केलेलं असतं आणि नव्या घरात या मुलाला जागा नसते. अशा मुलांना घरी न्यायचं तर आधी गृहभेट करायची, सामाजिक तपासणी अहवाल बनवायचा, घरच्यांना मदत जोडून द्यायची, मग मूल पाठवायचं आणि पाठोपाठ जात राहायचं. ही पद्धत कायद्यातच आहे. २०२० मध्ये त्यातली मधली सगळी पानं फाडली गेली. मुलाचं गाठोडं बांधलं, मामाला फोन केला, गाडीत बसवलं. ज्या गरिबीमुळे मूल संस्थेत आलं होतं ती टाळेबंदीत कमी झाली नव्हती, दुप्पट झाली होती. घरकामाची कामं गेलेल्या आईच्या दारात आणखी एक तोंड उभं राहिलं. न्यायालयानं डिसेंबरमध्ये अशा प्रत्येक मुलाच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये द्या म्हणून सांगितलं, याचा अर्थच हा की तोवर मुलं हात हलवत घरी गेली होती.

साथीत घाईनं हलवलेल्या मुलाचं काय होतं, याचा दाखला आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. शहरात मुलींची संख्या वाढवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून त्या मुलींना घेऊन रमाबाई केडगावच्या शेतावर गेल्या. मुक्ती सदन तिथे उभं राहिलं. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीर आरोप केला. त्यांच्या संस्थेतली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली, तिथून विलगीकरण छावणीत गेली आणि तिथल्या एका रखवालदाराच्या तावडीत सापडली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप झिडकारले. सरकारनं झिडकारलं तरी रमाबाई मागे हटल्या नाहीत, कारण ती मुलगी त्यांच्या हिशेबात ‘एक रुग्ण’ नव्हती, त्यांची मुलगी होती. ताब्यात मूल असताना ते कुठल्या गाडीतून, कुणाबरोबर, कुठे गेलं आणि तिथे पोचल्यावर कोण भेटलं, हे विचारणारं एक ठरलेलं माणूस लागतं. यंत्रणेत खाती अनेक असतात; असं माणूस बहुधा नसतं.

आणि ही आपल्याच देशाची गोष्ट आहे असं नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये सरकारनं संसदेत चर्चा न करता नियमांत बदल केले आणि संगोपनातल्या मुलांना भेटण्याची, त्यांच्या आढाव्याची बंधनं सैल केली. आर्टिकल ३९ नावाची एक छोटी संस्था कोर्टात गेली. खालच्या कोर्टात हरली. नोव्हेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की बाल आयुक्तांशी आणि मुलांच्या बाजूनं बोलणाऱ्या संस्थांशी सल्लामसलत न करता हे बदल करणं बेकायदेशीर होतं. संकटात सगळ्यात आधी ज्यांची भेट रद्द होते ती हीच मुलं, कारण त्यांच्या वतीनं भांडायला घरचं कुणी दारात येत नाही.

आता मुदतीच्या प्रश्नावर येतो. मला सर्वांत जास्त तोच सांगायचा आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४६ सांगतं की १८ वर्षं पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजाच्या मुख्य प्रवाहात येण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल. नियमांनुसार ही अनुरक्षण सेवा २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. जुन्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत यासाठी महिना २,००० रुपये होते. २०२२ मध्ये मिशन वात्सल्यमध्ये ते ४,००० झाले. कागदावर व्यवस्था आहे. पण ‘देता येईल’ आणि ‘द्यावं लागेल’ यांतलं अंतर अठरा पूर्ण झालेल्या मुलाला पायी तुडवावं लागतं. अनुरक्षणगृहं मोजकी. मुलींसाठी त्याहून मोजकी. गृह जिथे आहे तिथे मुलाचं कॉलेज नसतं, कॉलेज आहे तिथे गृह नसतं. बहुतेक जण संस्थेतून निघतात ते थेट कॉट बेसिसच्या खोलीत.

टाळेबंदीतला असा एक मुलगा मला ठाऊक आहे. नाव सांगत नाही. विसाव्या वर्षी तो पुण्यातल्या एका हॉटेलात काम करत होता, संध्याकाळच्या कॉलेजात जात होता, चौघांच्या खोलीत एका कॉटचं भाडं भरत होता. हॉटेल बंद झालं, त्याबरोबर दोन वेळचं जेवणही बंद झालं, कारण जेवण हॉटेलातच असे. खोलीतले तिघे आपापल्या गावी निघाले. एक लातूरकडे, एक परभणीकडे, एक खानदेशात. त्यांनी यालाही विचारलं, “तुझं गाव कुठलं?” पोलिसांच्या ई-पासच्या अर्जात कुठे जायचं ते भरायचं होतं, कशासाठी जायचं ते भरायचं होतं. यानं तो अर्ज उघडला आणि बंद केला. त्याच्या आधार कार्डावर बालगृहाचा पत्ता होता. तिथे फोन केला तर नव्या अधीक्षकांनी सांगितलं, “बाहेरच्या माणसाला आत घ्यायला परवानगी नाही रे.” त्यांचंही बरोबर होतं, फाटक बंद ठेवण्याचा आदेश होता. ज्या इमारतीत तो सहाव्या वर्षापासून राहिला, त्या इमारतीच्या नोंदीत तो आता बाहेरचा माणूस होता. चौकात धान्याची किट वाटणाऱ्यांनी रेशन कार्ड मागितलं. ते त्याच्याकडे कधी नव्हतंच. कुटुंब नसलं तर कुटुंबाचं कार्ड कुठून येणार? अखेर त्याला जेवण दिलं ते गुरुद्वाराच्या लंगरनं आणि खोलीच्या मालकिणीनं. भाडं थकलं होतं तरी ती म्हणाली, “पोरा, आधी जेव.”

या मुलाला सरकारनं काही केलं नाही असं नाही. बारा वर्षं जेवू घातलं, शिकवलं, कपडे दिले. आणि ज्या महिन्यात त्याला सर्वांत जास्त गरज होती, त्या महिन्यात त्याचं नाव एकाही यादीत नव्हतं. मजुरांच्या यादीत तो बसला नाही, विद्यार्थ्यांच्या यादीत बसला नाही, निराधारांच्या यादीत वयामुळे बसला नाही. आपल्या घरातला विशीतला मुलगा टाळेबंदीत काय करत होता, आठवून बघा. तो पुण्या-मुंबईहून घरी आला, आईच्या हातचं जेवला, नोकरी गेली तरी खोलीत पडून राहिला आणि आपण त्याला म्हणालो, होईल सगळं ठीक. अठराव्या वर्षी मुलाला बाहेर काढतं का आपलं कुठलं घर? आपल्या मुलांना आपण पंचविशीपर्यंत, तिशीपर्यंत सांभाळतो आणि त्याचं कौतुक करतो. सरकारच्या मुलांना तोच न्याय का नाही?

काही देशांना साथीत हे उमगलं. अमेरिकेच्या काँग्रेसनं डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी चाळीस कोटी डॉलर जादा दिले आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत वयाच्या कारणावरून कुणालाही संगोपनातून बाहेर काढू नये असं बंधन घातलं. इंग्लंडमध्ये संगोपनातून बाहेर पडलेल्या तरुणाला २५ व्या वर्षापर्यंत नावानिशी एक सल्लागार मिळण्याचा हक्क आहे. तिथेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण ‘कुणाला फोन करू?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे निदान कायद्यात आहे.

आपल्याकडे दुसऱ्या लाटेनंतर यंत्रणा हलली, आणि चांगलीच हलली. मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलं नेमली गेली. जूनमध्ये राज्य सरकारनं कोविडमुळे दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. केंद्रानं २९ मे २०२१ रोजी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजना जाहीर केली: वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख, अठरा ते तेवीस दरमहा विद्यावेतन, आरोग्य विमा. बालसंगोपन योजनेची रक्कम महिना ४२५ रुपये होती ती २०२१ मध्ये अकराशेच्या घरात गेली, आणि २०२३ मध्ये सावित्रीबाईंच्याच नावानं चालू झालेल्या योजनेत २,२५० झाली. यातल्या प्रत्येक रुपयाचं स्वागत आहे.

तरी एक प्रश्न विचारला पाहिजे. बाल हक्क आयोगानं सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२० ते जानेवारी २०२२ या काळात, कोविडनं किंवा अन्य कारणानं, १,४७,४९२ मुलांनी एक किंवा दोन्ही पालक गमावले. त्यांतली १०,०९४ पूर्ण अनाथ, १,३६,९१० एक पालक गमावलेली. केंद्राच्या दहा लाखांच्या योजनेत बसली सुमारे साडेचार हजार. ज्याची आई एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेली आणि वडील पूर्वीच वारले होते, तो पात्र. ज्याची आई त्याच महिन्यात, त्याच दवाखान्यात, खाट न मिळाल्यामुळे बाळंतपणात गेली, तो नाही. ज्याचे आईबाप २०१५ मध्ये क्षयरोगानं गेले आणि जो २०२० मध्ये अठरा पूर्ण करून टाळेबंदीत रस्त्यावर आला, त्याचं तर नावच नको. मुलाच्या ताटात काय पडायचं ते आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरच्या कारणानं ठरावं, हे कुठल्या न्यायात बसतं? सर्वोच्च न्यायालयानंही पुढे केंद्राला हा प्रश्न विचारला आहे, की कोविडच्या अनाथांना दिलेले लाभ इतर अनाथांना का देता येऊ नयेत. उत्तर आपण न्यायालयावर सोडण्याचं कारण नाही. २०२१ ची योजना तेवीस वर्षांपर्यंत पोचते, यावरून सरकारला अठरानंतरची पाच वर्षं किती नाजूक असतात हे कळतं, एवढं तर सिद्ध झालं. जे साडेचार हजारांसाठी कळलं ते सगळ्यांसाठी कळायला हरकत नाही.

मग करायचं काय? मोठ्या घोषणा नकोत. काही साधी कामं सांगतो.

पहिलं, वही. गेल्या पाच-सात वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांतून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत, याची नोंद जिल्हा बाल संरक्षण कक्षात असली पाहिजे, आणि ती वर्षातून दोनदा फोन करून ताजी झाली पाहिजे. पुढची साथ, पूर, दुष्काळ आला की पहिल्या आठवड्यात ती वही उघडायची. कृती दल पुन्हा नेमण्यापर्यंत थांबायचं नाही.

दुसरं, कागद. मूल सोळा वर्षांचं झालं की आधार, बँक खातं, जन्मदाखला, अनाथ प्रमाणपत्र, रहिवासी दाखला हे सगळं त्याच्या हातात पडलं पाहिजे. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या एका तरुणीनं स्पर्धा परीक्षेत पुरेसे गुण मिळवूनही जातीचा दाखला नाही म्हणून कुठल्याच रकान्यात न बसल्याचं गाऱ्हाणं मांडलं, आणि तिच्या पाठपुराव्यातून २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना नोकरीत एक टक्का आरक्षण मिळालं. एका मुलीच्या चिकाटीनं शासन निर्णय निघू शकतो. पण प्रत्येक मुलानं आपापला दाखला मिळवायला कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्यात, ही अपेक्षा बरी नाही.

तिसरं, परतीची खाट. प्रत्येक बालगृहात किंवा त्याला जोडून माजी मुलांसाठी दोन-तीन खाटा राखीव असाव्यात. आजारपणात, नोकरी सुटल्यावर, परीक्षेच्या काळात येऊन महिनाभर राहता येईल अशा. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या दारानं असाव्यात, हे ओघानं आलंच. लेकीला माहेर असतं तसं हे असावं: नेहमी जायचं नसतं, पण आहे एवढ्यावर माणूस उभा राहतो.

चौथं, माणूस. ‘कुणाला फोन करू?’ याचं उत्तर म्हणून प्रत्येक मुलामागे एक नाव. अधीक्षक बदलतात, परिविक्षा अधिकाऱ्यांची बदली होते. म्हणून हे नाव गावातलं, पगाराबाहेरचं, पोलीस पडताळणी झालेलं आणि निदान पाच वर्षांचा शब्द दिलेलं हवं. तुमच्यापैकी कुणी निवृत्त शिक्षक असेल, बँकेतली बाई असेल, दुकानदार असेल. वाढदिवसाला जेवण देणं सोपं असतं, त्यात मुलं आपले आभार मानतात. भाड्याच्या खोलीसाठी जामीन राहणं, तापात दवाखान्यात नेणं, चुकलं तर रागावणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन उचलणं अवघड असतं, कारण त्यात आभाराची हमी नसते. पालक आणि दाता यांच्यातला फरक तिथेच दिसतो.

पाचवं, ऐकणं. या मुलांसाठी समित्या नेमताना त्यांत संस्थेत वाढलेल्या दोघा-तिघांना बसवा. टाळेबंदीत संस्थेतून बाहेर पडलेल्या कित्येक तरुणांनी आपसात ग्रुप करून एकमेकांना खोल्या, धान्य, नोकऱ्या मिळवून दिल्या. कुठल्या फॉर्ममध्ये कुठला रकाना अडतो, कुठला अधिकारी कुठल्या वारी भेटतो, हे त्यांना आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. त्यांना मदतीच्या रांगेत उभं करण्याऐवजी टेबलाच्या या बाजूला खुर्ची द्या.

मित्रहो, पैशाचा प्रश्न कुणी तरी विचारील, म्हणून आधीच सांगतो. अनुरक्षणाचे चार हजार महिना पाच वर्षं दिले तर एका मुलामागे दोन लाख चाळीस हजार होतात. त्याआधी त्याच मुलावर सरकारनं बारा-बारा वर्षं खर्च केलेला असतो. शेवटची पाच वर्षं वाचवून आपण तो सगळा खर्च पाण्यात घालतो. हिशेब करणाऱ्यालाही हे पटायला हवं.

पण मी हिशेबावर थांबणार नाही. कायदा म्हणतो, ज्याला कुणी नाही त्याचं पालक राज्य आहे. राज्य म्हणजे मंत्रालयातली खुर्ची एवढंच नव्हे, तुम्ही-आम्हीही त्यात आलो. या जिल्ह्यातून यंदाही काही मुलं अठरा पूर्ण करतील आणि एखाद्या सकाळी पिशवी घेऊन फाटकाबाहेर येतील. त्यांची नावं जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात आज आहेत. हे व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी दहा जणांनी त्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारावं: यांतल्या कुणाच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे? आणि आपला नंबर लिहून द्यावा. मुलानं तो फोन कधी केला, तर उचलावा.